ऑनलाइन शाळेत हजर कुणाला म्हणायचं?

घाटावरची_बाई | ६ सप्टेंबर २०२०, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. फोनवरून टाइप करतेय त्यामुळे जरा तुटक होईल.

मी पाटण तालुक्यात एका अनुदानित शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. पटावर ४६ मुलं. १५ जूनपासून नवीन वर्ष सुरू झालं ते कागदावर आणि मोबाइलवर. रोज संध्याकाळी पाचच्या आत एक लिंक भरायची असते, त्यात तीनच रकाने, पट किती, ऑनलाइन हजर किती, गैरहजर किती. संपलं.

आता माझा वर्ग सांगते. गणपतीच्या आधी १७ मुलं सकाळच्या गूगल मीटवरच्या तासाला यायची. ११ जणांच्या घरी फोन आहे पण तो दिवसा वडिलांबरोबर किंवा मोठ्या भावाबरोबर जातो, ती मुलं रात्री आठनंतर ग्रुपवर गृहपाठाचे फोटो टाकतात. ९ घरी साधा बटणाचा फोन, त्यांना मी दोन-तीन दिवसांआड कॉल करते. आणि उरलेल्या ९ जणांकडे काहीच नाही, शेजारी निरोप ठेवायचा नाहीतर वाडीवर जायचं. म्हणजे लिंकवर रोज हजर १७, गैरहजर २९. त्या २९ मधली निम्म्याहून जास्त मुलं अभ्यास करतायत हे मला माहीत आहे, मी वह्या बघितल्यात, पण ते लिहायला जागाच नाही.

गेल्या आठवड्यात तर आकडा ८ वर आला. कारण आमच्याकडे सगळ्यांना माहितीये. २० ऑगस्टला एसटी सुरू झाली, लोकांनी गणपती घरी केले, विसर्जन झालं आणि मुंबईला कामाला असणारे सगळे बाप परत निघाले. आणि त्यांच्याबरोबर घरातला एकुलता एक फोन गेला.

एक मुलगा आहे, त्याला इथे सदा म्हणते, खरं नाव वेगळं. त्याच्या वाडीत रेंज नाही. वाडीच्या वर माळावर देऊळ आहे, तिथे पायरीच्या डाव्या अंगाला उभं राहिलं की दोन कांड्या येतात. जुलै-ऑगस्टचा आमचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, हा मुलगा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन त्या खोळीच्या आत फोन धरून बसायचा. आवाज आला की आधी पावसाचाच यायचा, टपटप टपटप, मग त्याचा, "बाई ऐकू येतंय का". अपूर्णांकाची बेरीज त्याने तशी खोळीत बसून तोंडी सांगितलीये, छेद समान करून. ३ सप्टेंबरला तो आला नाही. फोन केला तर वडिलांनी उचलला, तुर्भ्याच्या मार्केटमधून. "बाई मी कामावर आलोय, फोन माझ्याकडंच आहे." त्या दिवशी मी सदाला गैरहजर लिहिलं.

परवा दूध घेऊन खाली येणाऱ्या माणसाबरोबर त्याने वही पाठवली. पुस्तकातला पुढचा सराव संच आपणहून सोडवलेला, तीन गणितं चुकलीयत, बाकी बरोबर. वही माझ्या टेबलावर होती आणि मी लिंकवर त्याला परत गैरहजर भरत होते. त्या दिवशी शाळेतून घरी जाईपर्यंत डोळ्यातलं पाणी थांबेना.

आता निरोप आलाय की ज्यांची ऑनलाइन हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आहे त्यांच्या पालकांना लेखी नोटीस द्या. मला सांगा ही नोटीस मी सदाच्या आईला देऊ? तुमच्याकडच्या शाळांमधे काय चाललंय? हजर कुणाला म्हणताय?

सोनचाफा | ६ सप्टेंबर, रात्री ११.२५

बाई तुमची पोस्ट वाचून घशात काहीतरी अडकलं.

आमचं दुसरं टोक आहे. पुणे, खाजगी इंग्रजी शाळा, मुलगा तिसरीत. सकाळी ८.३० ते १२.३० सलग स्क्रीन. दिवसातून तीन वेळा हजेरी, पहिल्या तासाला, सुट्टीनंतर आणि शेवटी. नाव घेतल्यावर पाच सेकंदात अनम्यूट करून प्रेझेंट टीचर म्हणायचं, नाही म्हटलं तर ॲबसेंट. दोनदा लाइट गेली, दोन्ही दिवस ॲबसेंट. एकदा तो शू करायला उठला होता आणि नेमकं नाव आलं. आठ वर्षाचं पोर आता शू आली तरी उठत नाही, मांडी आवळून बसतो, आणि विचारलं तर म्हणतो नाव येईल ना गं. हे मी डोळ्यासमोर बघतेय.

जुलैमधे केंद्राच्या सूचना आल्या, पहिली ते आठवी दिवसाला दोनच सत्रं आणि एकेक सत्र ३० ते ४५ मिनिटांचं. राज्यानेही तिसरी ते आठवी ४५ मिनिटांची दोन सत्रं असंच सांगितलं. म्हणजे दिवसाला दीड तास. आम्ही पालकांनी ते पत्र शाळेला मेल केलं तर उत्तर आलं की पोर्शन पूर्ण व्हायला हवा, आणि अभ्यासक्रमात २५ टक्के कपात झालीये ती राज्य मंडळाची, आमच्या बोर्डाची वेगळी. पण डोळे आणि मान तर त्याच मुलांच्या आहेत ना.

जुना_खडू | ७ सप्टेंबर, सकाळी ६.१५

बाई, तळमळ पोचली. मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

३४ वर्षं नोकरी केली, शेवटची ९ मुख्याध्यापक म्हणून. सध्या जो तो म्हणतो की या वर्षी हजेरी नकोच, मुलांना मोकळं सोडा. मला ते पटत नाही. कॅटलॉग, म्हणजे हजेरीपत्रक, हा पोराच्या बाजूने उभा राहणारा कागद आहे. कुणाचे लागोपाठ खाडे दिसले की मी सायकल काढायचो. दोन मुलींची ठरलेली लग्नं थांबवलीत त्या खाड्यांमुळे, एक नववीतली होती, एक आठवीतली, खाडे दिसलेच नसते तर मला कळलंही नसतं. वर्षभर ज्या पोराचं नाव कुणी पुकारलं नाही ते पोर शाळेतून गेलंच म्हणून समजा. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नाव काढता येत नाही, ते बरोबर, पण नाव पटावर आणि पोर हॉटेलात कपबशा विसळतंय याला काय अर्थ आहे.

दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरातल्या मुलींना चौथीपर्यंत दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता मिळतो, १९९२ पासून, त्यालाही ७५ टक्के हजेरीची अट. रुपयाला आज किंमत नाही, पण ज्यांनी तो सुरू केला त्यांना एवढं कळत होतं की पोरगी शाळेत आली पाहिजे, रोज आली पाहिजे, आणि ते कुणीतरी मोजलं पाहिजे.

अजून एक. काही शिक्षक मित्र म्हणतात सरसकट हजर लिहून टाकू, कटकट नको. तसं करू नका. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी मी बघितलीये, तीन दिवस राज्यभर, पोरांच्या बोटाला शाई लावून मोजली होती कारण पटावरच्या आकड्यावर कुणाचा विश्वासच उरला नव्हता. खोटी हजेरी लिहिली की जे पोर खरंच हरवलंय ते सापडायची वाट बंद होते.

घाटावरची_बाई | ७ सप्टेंबर, सकाळी ७.०५

सर, राग कसला, तुम्ही म्हणताय ते शंभर टक्के पटलं. मी हजेरी नको म्हणत नाहीये, सरसकट हजर तर मुळीच लिहिणार नाही. मला एवढंच म्हणायचंय की आत्ता जे मोजलं जातंय ती मुलाची हजेरी नाही, फोनची हजेरी आहे. सदाचा खाडा आणि त्या ९ मुलांपैकी एकीचा खाडा, जिच्याशी तीन आठवडे माझं बोलणंच झालेलं नाही, हे लिंकवर सारखेच दिसतात. तुम्ही सायकल काढायचात कारण खाडा दिसला की काहीतरी बिनसलंय हे नक्की असायचं. मला २९ खाड्यांमधे तो एक खरा खाडा शोधायचाय.

कल्याण_पूर्व | ७ सप्टेंबर, दुपारी १.३०

आमचा अनुभव पण लिहितो. मार्चपासून दुकान बंद होतं, मे पर्यंत एक रुपया नाही, त्यामुळे मुलीची पहिल्या टर्मची फी राहिली. शाळेने तिला वर्गाच्या ग्रुपमधून काढलं, लिंकच येईना. पंधरा दिवसांनी निम्मी फी भरली तेव्हा परत घेतलं आणि मग ऑगस्टचा हजेरीचा रिपोर्ट आला त्यात ते पंधरा दिवस तिला गैरहजर दाखवलंय. पोरगी सहावीत आहे, हुशार आहे, आजपर्यंत शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्रक चार वेळा मिळालंय तिला, भिंतीवर लावलंय. ती रडून सांगत होती की पप्पा मी तर रोज युनिफॉर्म घालून बसत होते. दार आतून लावून घ्यायचं आणि बाहेर उभ्या असलेल्या पोराला गैरहजर लिहायचं ही कुठली पद्धत.

सोनचाफा | ७ सप्टेंबर, दुपारी २.१०

कल्याण_पूर्व, शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, आमच्या ओळखीत दोघांनी दिली आणि लिंक परत सुरू झाली. तोंडी बोलू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

फ्रीमाँटकर | ८ सप्टेंबर, सकाळी ९.००

इथे कॅलिफोर्नियातलं सांगते, कारण बाईंचा प्रश्न इथे कायद्यात येऊन गेलाय आणि मला त्यातली एक गोष्ट खूप उपयोगाची वाटते.

माझी मुलगी पाचवीत, शाळा ऑगस्टपासून पूर्ण ऑनलाइन. या वर्षापुरता राज्याने कायदा केला त्यात चौथी ते बारावी दिवसाला २४० मिनिटांचं शिक्षण ठरवलंय, पण ते २४० मिनिटं स्क्रीनसमोर असं नाही. शिक्षकाने दिलेलं काम मूल आपल्या वेळेला करतं त्याचीही मिनिटं धरतात. रोज शिक्षकाशी आणि वर्गाशी थेट बोलणं व्हावं अशी अपेक्षा आहे, आणि हजर कशाला म्हणायचं तर ऑनलाइन तासात भाग घेतला, किंवा दिलेला अभ्यास पूर्ण केला, किंवा चाचणी दिली, किंवा शाळेतल्या कुणाचं मुलाशी नाहीतर पालकांशी बोलणं झालं, यातलं काहीही चालतं. म्हणजे बाई, तुमच्या सदाची दुधाबरोबर आलेली वही इथे हजेरी धरली असती.

आणि जुना_खडू सरांच्या सायकलसारखंही आहे इथे. आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त मूल दिसलं नाही की शाळेने स्वतः शोध घ्यायचा, फोन लागतोय का, पत्ता बदलला का, घरी काय अडचण आहे, इंटरनेट नाही का. तो प्लॅन शाळेने आधीच लिहून ठेवलेला असावा लागतो. म्हणजे खाडा पडला की पहिलं काम शाळेचं, पालकाला नोटीस हे नाही.

सगळं छान चाललंय असं अजिबात नाही हं. आमच्या वर्गातल्या दोन मुलांना जिल्ह्याने हॉटस्पॉट द्यायला तीन आठवडे लावले, आणि शेतमजूर लोकांच्या वस्त्यांमधे मुलं फास्टफूडच्या दुकानाबाहेर बसून वायफाय वापरतायत असे फोटो पेपरात आले. पण कागदावर निदान प्रश्न बरोबर विचारलाय.

बारावी_कॉमर्स | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

मी स्टुडंट आहे, बारावीला, इथे मोठी माणसंच आहेत पण लिहू का असं करत शेवटी लिहितेय.

आम्हाला कॅमेरा कंपल्सरी केलाय. बंद असला तर अटेंडन्स नाही आणि ७५ टक्के नसेल तर बोर्डाचा फॉर्म नाही असं सरळ सांगितलंय. आम्ही लालबागला चाळीत राहतो, एक खोली आणि पोटमाळा. माझ्यामागे आजी झोपलेली असते, तिला मे मधे कोविड झाला तेव्हापासून ती दिवसभर पडूनच असते, मम्मी स्वयंपाक करत असते, भावाचा पण तास चालू असतो. एकदा आजी उठून कपडे नीट करत होती आणि ते सगळ्या वर्गाला दिसलं. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला आणि ग्रुपवर टाकला. त्यानंतर मी कॅमेरा चालू करत नाही. सरांना मेसेज केला कारण लिहून, त्यांनी ब्लू टिक करून उत्तर नाही दिलं. अकाउंट्सचे सगळे तास मी पूर्ण ऐकलेत, सगळे जर्नल एन्ट्रीचे प्रॉब्लेम्स सोडवलेत, तरी महिन्याची अटेंडन्स ३१ टक्के.

आम्ही घरी कसे राहतो ते सगळ्यांना दाखवल्याशिवाय मी हजर नाही का?

जुना_खडू | ८ सप्टेंबर, रात्री ८.२०

बाळ, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग.

सरांना परत एकदा लिही, या वेळी मेलवर, प्राचार्यांना प्रत दे. त्यात आजीचं आणि स्क्रीनशॉटचं लिही, आणि सोडवलेल्या प्रॉब्लेम्सचे फोटो जोड. तासाच्या शेवटी तोंडी प्रश्न विचारा, मी आवाजावर उत्तर देईन असं सुचव. मी काल हजेरीच्या बाजूने बोललो, आजही बोलतो, पण पोरीला लाजवून घेतलेली हजेरी मी माझ्या शाळेत चालू दिली नसती. आमच्या वेळी तासाला शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेलं पोर असायचं, त्याला आम्ही हजरच म्हणत होतो, चेहरा वर कर म्हणून खाडा नव्हतो लावत.

भातखाचर | ९ सप्टेंबर, रात्री ९.५०

मी जव्हार तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट ३८. आमच्याकडे ऑनलाइन हा शब्द वापरायचाच नाही असं आम्ही दोघांनी जूनमधे ठरवलं, कारण ३८ मधे स्मार्टफोन ४ आणि त्यात रेंज एकाला. इथे पाड्यांवर एका संस्थेने स्पीकरवरून धडे ऐकवायचं काम सुरू केलंय, बोलकी शाळा नावाने, ते ऐकून आम्हीही देवळाच्या ओट्यावर पाच-पाच मुलांचे गट बसवायला लागलो, मास्क लावून, अंतर ठेवून. ग्रामपंचायतीला विचारून.

बाई, तुमच्या प्रश्नावर आम्ही काय करतो ते सांगतो. लिंक जी भरायची ती भरतो, खरी भरतो. पण शिवाय दोनशे पानी वही केलीये. प्रत्येक मुलाला एक ओळ, रोज एक चौकोन. ओट्यावर आला तर 'ओ', फोनवर बोलणं झालं तर 'फ', वही किंवा वर्कशीट बघितलं तर 'व', घरी जाऊन भेटलो तर 'भ', आणि यातलं काहीच नाही तर चौकोन रिकामा. सलग सात चौकोन रिकामे दिसले की आम्हा दोघांपैकी एकजण त्या पाड्यावर जातोच, मग पाऊस असो नाहीतर ओढ्याला पाणी असो. जूनपासून असं ५ मुलांच्या बाबतीत झालं. तिघं आईबापाबरोबर भातलावणीला गेली होती, एक मामाकडे, आणि एक मुलगी तापाने आजारी होती, तिला आशाताईंना सांगून दवाखान्यात नेली.

पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ घरी वाटायची असते ना, तो दिवस आम्ही सोडत नाही. पालक येतात तेव्हा प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं, मागची वर्कशीट घ्यायची, पुढची द्यायची. त्या एका दिवसात जेवढं कळतं तेवढं महिन्याच्या लिंकमधून कळत नाही.

घाटावरची_बाई | ९ सप्टेंबर, रात्री १०.३०

भातखाचर सर, वही उद्याच करते. ओ, फ, व, भ. आमच्याकडे टीव्हीसाठी 'ट' घालावा लागेल, २० जुलैपासून सह्याद्रीवर टिलीमिली लागते आणि सात-आठ मुलं ती बघून वहीत चित्र आणि दोन ओळी लिहून ठेवतात, अगदी नियमाने. त्यांनाही आजवर मी गैरहजरच भरत होते.

चाकरमानी_७७ | १० सप्टेंबर, रात्री ११.५५

बाई मी पण पाटणकडचा, तुमच्या शाळेच्या पलीकडच्या खोऱ्यातला. तुर्भ्याला कांदा बटाटा मार्केटला माथाडी आहे, सव्वीस वर्षं. तुमचा धागा आमच्या गाळ्यावर एकाने वाचून दाखवला म्हणून लिहितोय.

फोन बापाने नेला असं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. तो बाप मी पण आहे. माझी पोरगी आठवीत. मार्च ते ऑगस्ट मधे दोन वेळा गावाला आलो गेलो, बाकी वेळ काम मिळेल तसं. फोन का लागतो ते सांगतो. गाडी किती वाजता लागणार, आज टोळी किती माणसांची, ते मुकादम फोनवर टाकतो. फोन नसला तर त्या दिवसाची वारणी, म्हणजे मजुरी, गेली. आणि राहायला आठजण एका खोलीत, कुणाला ताप आला तर घरी कळवायला तोच फोन. दुसरा घ्यायचा म्हणजे सहा-सात हजार, आणि महिन्याचं रिचार्ज वेगळं. पोरीने मला गणपतीत विचारलं होतं की दादा फोन ठेवून जाता का. मी काय बोललो नाही, पिशवी भरली. एसटीत बसल्यावर तिच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज येत होते, आज पाठ तिसरा, आज स्वाध्याय, सगळे माझ्याच फोनवर. मला काय कळतंय त्यातलं. मी ते तसेच ठेवलेत, एक पण डिलिट केला नाही.

नोटीस आली तर आमची बायको घाबरेल बाई. तिला वाटेल पोरीचं नाव काढलं. तेवढं बघा.

घाटावरची_बाई | ११ सप्टेंबर, सकाळी ६.३०

दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. नोटीस मी देणार नाही, हे आज मुख्याध्यापकांना जाऊन सांगणार आहे. तुम्ही एक करा, रात्री कामावरून आल्यावर त्या ग्रुपवर जे आलंय ते घरी फोन करून पोरीला नुसतं वाचून दाखवा, शेजारच्या कुणाच्या साध्या फोनवर चालेल. पाठ कितवा, पान नंबर किती, स्वाध्यायातला प्रश्न कितवा, एवढंच. पुस्तक तिच्याकडे आहे. दहा मिनिटं लागतील. माझ्या वर्गातल्या मुंबईच्या सगळ्या पालकांनाही आज हेच सांगते.

फ्रीमाँटकर | ११ सप्टेंबर, सकाळी ८.१०

हे वाचून नवऱ्यालाही वाचून दाखवलं. जुने फोन पाठवायची काही सोय होत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या इथल्या मंडळात विचारते.

घाटावरची_बाई | २९ नोव्हेंबर २०२०, दुपारी ४.००

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं म्हणून.

नोटिसा गेल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी आधी थोडं चिडून ऐकलं, मग काही आठवड्यांनी म्हणाले वही दाखवा. मी तीन आठवड्यांची वही समोर ठेवली. त्यांनी एकेक ओळ बोटाने बघितली आणि एका ओळीवर थांबले, ती कोरी होती सगळी. "हिचं काय?" म्हणाले. मी म्हटलं सर तेच, हिच्याकडे जायचंय पण लिंक भरण्यात आणि आकडे जुळवण्यात वेळ जातोय. दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर वाडीवर आले. आई बाळंतीण होती, पोरगी घर बघत होती, धाकटी दोन. पुस्तकं पिशवीतून काढलेलीच नव्हती. आता ती आठवड्यातून दोनदा 'भ' असते. दिवाळीनंतर आमच्या शाळेत पाचवी ते दहावी सगळ्या वर्गशिक्षकांनी तशीच वही केलीये. लिंकवर अजून तीनच रकाने आहेत.

रात्रीचं वाचून दाखवणं अकरा पालकांनी सुरू केलं, सहा जणांचं टिकलं. सदाचे वडील त्यातले एक होते, दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर त्यांचा फोन लागत नाहीये.

२३ नोव्हेंबरपासून नववी-दहावी प्रत्यक्ष सुरू झाली, पालकांच्या संमतीपत्रावर, हजेरीची सक्ती नाही. सातवीचं अजून काही नाही. माझी मुलं कुंपणाबाहेर येऊन उभी राहतात आणि विचारतात बाई आमची कधी.

बारावी_कॉमर्स | ३० नोव्हेंबर, रात्री ९.१५

माझं पण सांगते. मेल केली होती, प्राचार्यांनी फोन केला. आता कॅमेरा ऑप्शनल आहे, तासाला दोन प्रश्नांची उत्तरं चॅटवर टाकायची, त्यावर अटेंडन्स. माझी ८८ आहे. आजी बरी आहे, खुर्चीत बसते आता.

घाटावरची_बाई | ३० जानेवारी २०२१, रात्री १०.०५

२७ तारखेला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. दहा महिन्यांनी कॅटलॉग हातात घेतला, खरा, लाल कापडी पाठीचा. सकाळी वर्गात उभी राहून एकेक नाव मोठ्याने घेतलं, मास्कमधून आवाज नीट कळत नव्हता म्हणून मुलं हात वर करत होती. पहिल्या दिवशी ३४, काल ४१.

आले नाहीत ते पाच. दोघं मामाच्या गावच्या शाळेत गेलीत, दाखले मागवलेत. एकीच्या घरात आजी आजारी म्हणून आई पाठवत नाही, तिचं संमतीपत्र आलं की येईल, अभ्यास चालू आहे. एकजण कराडला वडिलांबरोबर राहतोय, तिथल्या शाळेशी बोलणं झालंय.

पाचवा सदा.

वाडीवर तीनदा जाऊन आले. घराला कुलूप. शेजारी सांगतात दिवाळीनंतर आई आणि दोन्ही पोरं मुंबईला बापाकडे गेली, बापाच्या पायावर गोणी पडली म्हणे, काम बंद आहे, पोरगा मार्केटमधे चहा पोचवतो असं कुणीतरी सांगितलं. जुना फोन बंद आहे. त्याची वही अजून माझ्याकडे आहे, तपासलेली, ती तीन गणितं परत करून बघ म्हणून मी खाली लिहिलंय.

वर्षाचे २२० दिवस म्हणतात, आता किती उरलेत ते मला माहितीये, त्याची मला काळजी नाही, आठवीपर्यंत त्याचं नाव कुणी काढू शकत नाही आणि मी तर काढणारच नाही. पण तो आत्ता कुठल्याही शाळेत नाही. नवी मुंबईत जवळच्या महापालिकेच्या शाळेत बसवता आला तरी चालेल, दाखल्याची वाट न बघता वयानुसार प्रवेश देता येतो, कागद मी पाठवते.

तुर्भे मार्केटकडे कुणी आहे का?

जुना_खडू | ३१ जानेवारी, सकाळी ५.५०

माझा एक जुना विद्यार्थी कोपरखैरण्याला महापालिकेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याला आत्ताच फोन करतो. प्रवेशाचं काम माझ्याकडे लागलं.

चाकरमानी_७७ | ३१ जानेवारी, सकाळी ११.२०

बाई व्यनि केलाय. वडिलांचं नाव आणि टोळी नंबर माहीत असेल तर कळवा, नसला तरी गाव सांगितलं तर मार्केटात कुणी ना कुणी ओळखतंच. पाटणवाले पहाटे कांद्याच्या गाळ्यावर असतात सगळे. उद्या चारला गाडी लागतीय, तेव्हाच विचारत फिरतो. चहावाली पोरं पण त्याच टायमाला येतात.